चार म्हणजे चार

“चार म्हणजे चार, अंजुम,” देवस्थळी म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप तिच्या आलेखावर ठेवला. मुद्दाम नव्हे. टेबलावर दुसरी जागा नव्हती म्हणून. पण कप उचलला तेव्हा कागदावर तपकिरी वर्तुळ राहिलं, आणि ते नेमकं त्याच उंचवट्यावर राहिलं, ज्याच्याबद्दल ती गेली दहा मिनिटं घसा कोरडा करून बोलत होती. तिला राग आला तो वर्तुळाचा. माणसाचा राग नंतर आला, आणि मग दोन दिवस उतरला नाही.

एवढंच झालं होतं. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काही झालंच नाही. ठाण्याच्या खाडीकाठी एक प्रयोगशाळा, तिच्या तळमजल्यावर एक निर्वात यंत्र, त्या यंत्रावर करारानं लागलेली एक बत्तीस वर्षांची बाई आणि तिचे साहेब. दोघांच्या मधे नखाएवढे टंगस्टनचे दोन तुकडे. सूर्यात जे जळतं ते इथं लोखंडाच्या पोटात जाळून दाखवायचं, ही जगभरच्या शहाण्यांची जुनी खटपट. त्या पोटाला आतून टंगस्टनचं अस्तर द्यायचं असं म्हणतात. अस्तरावर रात्रंदिवस कणांचा मारा होणार. माऱ्यानं धातूतले अणू जागचे उठतात, त्यांच्या जागा रिकाम्या पडतात, आणि रिकामी जागा दिसली की जड हायड्रोजन तिथं जाऊन बसतो. किती बसतो ते कळायलाच हवं, कारण त्याचा थोरला भाऊ, त्याच भट्टीतलं दुसरं इंधन, किरणोत्सारी आहे. तो भिंतीत मुरत गेला तर भट्टीची भिंतच विष होऊन बसायची. आता त्याच जाळाची राख म्हणजे हेलियम. तोही भिंतीत घुसतो. प्रश्न एका ओळीचा होता: मार खाल्लेल्या धातूत हेलियम आधीच शिरलेला असेल, तर हायड्रोजन जास्त मुरतो की कमी? देवस्थळींचा पेपर म्हणत होता, जास्त. तिसऱ्या हिश्श्यानं जास्त. आणि त्या पेपरवर चार नावं होती, त्यातलं चौथं अंजुम अतहर मणियार असं होतं. आयुष्यात पहिल्यांदा छापून येणार होतं. सोमवारी संध्याकाळी पेपर जाणार होता.

तिचं म्हणणं साधं होतं, इतकं साधं की ते मांडताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. तुकडा तापवायचा, आतले वायू बाहेर येतात, यंत्र त्यांचं वजन करतं. जड हायड्रोजनचा कण म्हणजे दोन अधिक दोन, चार. हेलियमचा कणही चारच. फरक दशांश चिन्हाच्या पलीकडं कुठंतरी, त्यांच्या यंत्राला न दिसणारा. मग चारच्या खान्यात जो उंचवटा आलाय तो सगळा हायड्रोजनच, हे कशावरून? “हेलियम हजार अंशांच्या खाली बाहेर पडत नाही,” देवस्थळी म्हणाले होते, “तुझा उंचवटा पाचशेला आहे. पुस्तकात बघ.” पुस्तकात होतं, तिनं बघितलं होतं. पण पुस्तकातला धातू धड होता आणि त्यातला हेलियम खोल होता. यांचा धातू चाळणी झालेला आणि हेलियम वरच्या कातडीतच. कातडीतलं खोलवरच्यासारखं थांबतं का? तिनं हे विचारलं, तर देवस्थळींनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट बोलायचं नसलं की ते चष्मा पुसत. मग म्हणाले, चार म्हणजे चार. आणि कप ठेवला.

ठाण्याहून जव्हारची एसटी वाड्याला अर्धी रिकामी होते आणि विक्रमगडच्या पुढं चढ लागला की इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकतं. शुक्रवारची रजा टाकून ती खिडकीशी बसली होती. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आणि गंमत म्हणजे ते देवस्थळींच्या आवाजात नव्हतं. ते तिच्या गणिताच्या मास्तरांच्या आवाजात होतं. जव्हारच्या शाळेत सातवीला असताना त्यांनी तिला विचारलं होतं, मणियारांची पोर ना तू, बांगड्या भरायच्या सोडून पावकी-निमकी कशाला करतेस? सगळा वर्ग हसला होता. ती पण हसली होती, आणि त्या हसण्याचा तिला अजून राग होता, मास्तरांपेक्षा जास्त. अब्बांनी बांगड्यांचा धंदा कधी केलाच नव्हता. आडनाव मणियार, काम कल्हईचं आणि फुटकी भांडी झाळायचं. पण आडनाव पाहिलं की माणसाला वाटतं आपण आतलं सगळं पाहिलं. वजन पाहिलं की माल ओळखला. चार म्हणजे चार. तिनं खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. गज थंड होता, थरथरत होता, आणि ती थरथर दातांपर्यंत गेली. नाही, भीती वाटत नव्हती. हे तिनं स्वतःला दोनदा तपासून विचारलं. आपण बरोबर आहोत हे तिला पोटातून ठाऊक होतं, जसं दूध उतू जाणार हे पाठ फिरवूनही कळतं. नव्हती ती फक्त रीत. दोघंही चार, दोघंही एकाच दारातून बाहेर येतात. मग वेगळं कुणी आणि कसं करायचं? नुसतं खरं असून भागत नाही. खऱ्याला दाखवता यावं लागतं. गरिबाच्या खऱ्याला तर जास्तच.

अब्बांच्या दुकानात भिंतीवर चौकट होती. हे तिला माहीत नव्हतं. पत्र्याची, कडेनं पितळी पट्टी ठोकलेली, कोपरे इतके नीट जुळवलेले की सांधा बोटाला लागत नव्हता. आत काहीच नव्हतं, नुसती काच आणि काचेमागं भिंतीचा निळा चुना. “हे काय अब्बा?” तिनं विचारलं, आणि उत्तर कळून चुकल्यासारखी खाली बघू लागली. अतहर मणियार भाता ओढत होते. सत्तरीला आलेला माणूस, भुवया नवसागराच्या धुरानं पांढऱ्या झाल्या की वयानं, कुणाला सांगता आलं नसतं. “तुझा कागद येईल ना छापून, त्याचं घर,” ते म्हणाले. “माप नव्हतं मला माहीत. अस्लमच्या मुलीच्या वहीचं घेतलं. चालेल ना?” शेजारचा सायकलवाला अस्लम आपल्या दुकानाच्या फळीवरूनच ओरडला, “सगळ्या बाजाराला सांगून झालंय तुझ्या बापाचं. परवा शिरपामाळला चाललेली मुंबईची गाडी थांबली होती पंक्चरला, त्यांना पण सांगितलं. माझी मुलगी सूर्य बनवते म्हणे!” “सूर्य नाही रे बाबा,” अब्बा म्हणाले, “सूर्याचं भांडं. भांड्याची कल्हई म्हण.” आणि तिच्याकडं बघून त्यांनी विचारलं, बरोबर ना? ती म्हणाली, बरोबर. इतकं बरोबर देवस्थळींनाही सांगता आलं नसतं. तिला त्या रिकाम्या काचेकडं बघवेना. चौथं नाव. सोमवारी गप्प बसायचं, एवढंच काम होतं. गप्प बसायला कुठं रीत लागते?

तेवढ्यात खोडाळ्याची रखमी आली, डोक्यावर हंडा आणि तोंडात शिव्या घेऊन. शिव्या हंड्याला होत्या, मग कळलं की त्या बाजारातल्या भांडेवाल्याला होत्या, आणि मधेच नवऱ्याला, पोश्याला. हंडा तिनं अब्बांसमोर आदळला. “पानीच ठरं ना यात चाचा. भरून ठेवला का सकाली अर्धा. पोश्या म्हने, तूच पिली असशील. मी काय म्हैस हाय?” अब्बा म्हणाले, “घेताना वाजवून नाही घेतला?” “वाजवला ना! त्यानीच वाजवून दावला, दन् दन् दन्! देवलातली घंटा वाजावी तसा वाजला. म्हनून तं घेतला.” अब्बा हसले. त्यांनी हंडा मांडीवर घेतला, बाळाला घ्यावं तसा, आणि ठोकायची लाकडी मोगरी बाजूला सारून नुसतं बोटाचं पेर कंबरेच्या सांध्याजवळ टेकवलं. टक्. मग चार बोटं सरकून, टक्. तिसऱ्या ठिकाणी आवाज बद्द आला, ओल्या लाकडावर बोट मारल्यासारखा. “ही बघ. इथं चीर आहे.” रखमी वाकून बघू लागली. तिला काही दिसेना. अंजुमलाही दिसत नव्हतं.

“त्यानं जोरात का वाजवला माहीत आहे?” अब्बा म्हणाले. सांगत रखमीला होते, पण डोळे हंड्यावर. “जोरात ठोकलं की धड काय, फुटकं काय, सगळंच बोलतं. गोंगाट होतो, आणि गोंगाटात चोर लपतो. हळू ठोकायचं. इतकं हळू की ज्याला बोलायचंच आहे तोच बोलेल, बाकीचे गप्प राहतील.”

अंजुमच्या हातात चहाची बशी होती. ती तिनं खाली ठेवली. का ठेवली हे लगेच कळलं नाही. आधी फक्त एवढं जाणवलं की मानेमागं कुणीतरी थंड बोट ठेवलंय. ठोकायचं. तिचं यंत्र पण ठोकतच होतं की. वायूचा कण आपण होऊन वजन सांगत नाही. यंत्र त्याला आधी इलेक्ट्रॉननं ठोकतं, ठोकल्यावर तो बोलतो, बोलला की खान्यात पडतो. ठोक्याचा जोर किती? सत्तर. कायम सत्तर. का सत्तर? कारण यंत्राच्या त्या बटणावर एक चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली, आणि तिच्यावर देवस्थळींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: “७०. हात लावू नये. वि. दे.” ती कामाला लागायच्या आधीपासून ती पट्टी तिथं होती. सहा वर्षं तिनं त्या पट्टीवरची धूळ पुसली होती आणि पट्टीला हात लावला नव्हता. सहा वर्षं! तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. यंत्राच्या जाड माहितीपुस्तकात, मागं, एक कोष्टक होतं, कोणता वायू किती जोराच्या ठोक्याला बोलू लागतो त्याचं. ती पुस्तकं वाचतच शिकली होती, कॉलेजात तिला यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं. दुपारच्या डब्याच्या वेळेला, पानापानानं, जिथं इंग्रजी अडेल तिथं पेन्सिलीची खूण करत. कोष्टक डोळ्यांपुढं उभं राहिलं. हायड्रोजन, हलका असो की जड, साडेपंधराला बोलतो. हेलियम हट्टी. तो साडेचोवीसच्या आत तोंड उघडत नाही. म्हणजे वीसवर ठोकलं तर? एकच बोलेल. दुसरा चार असून गप्प राहील.

“काय गं, काय झालं?” अब्बांनी विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली. “रखमीताई, तुमचा हंडा मला आवडला.” रखमी म्हणाली, “मंग ठेव तुज्याकडं, मला धडका दे एक.” आणि मग हंडा झाळून होईस्तोवर तिनं आपल्या घराची कथा सांगितली. दिवाळीनंतर ती आणि पोश्या भिवंडीकडं वीटभट्टीवर गेले होते, घर मोकळं. परत आले तर शेजारच्या ढवळूच्या शेळ्या घरात. “हाकलल्या तरी परत तिथंच. घर त्यांचंच झालं ना! आमी चार मानसं वलचनीला.” अस्लम म्हणाला, “अगं, शेळ्यांसकट राहायचं, ऊब येते.” “तू ये ना ऱ्हायला. बसायला जागा रहाली तं बस,” रखमी म्हणाली, आणि सगळे हसले. अंजुम हसली नाही. ती दुसऱ्याच घरात होती, टंगस्टनच्या, जिथं हेलियम म्हणजे शेळ्या. देवस्थळींचा पेपर म्हणत होता की शेळ्या घरात आल्या म्हणून माणसं जास्त मावली. कुणी मोजली माणसं? डोकी मोजली होती, अंधारात, शेळ्यांसकट.

शनिवार-रविवार तिनं काही केलं नाही. साखरशेतला मावशीकडं जाऊन आली, नागलीची भाकरी खाल्ली, वाटेत उगाच एका दगडावर बसून राहिली. भीती वाटली ती तेव्हा, आणि तिला ती लगेच ओळखू आली. आपण चुकू ही नव्हे. आपण बरोबर निघू, ही. बरोबर निघालं तर पेपर मेला, पेपरबरोबर चौथं नाव मेलं, आणि ती चौकट अब्बा रोज दुकान उघडल्यावर फडक्यानं पुसत होते. समोरच्या खाचरात कापून झालेल्या भाताचे बुडखे ओळीनं उभे होते. तिनं मनातल्या मनात गप्प बसून बघितलं. पेपर छापून आला. चौकटीत बसला. अब्बांनी तो इंग्रजी वाचता येत नसताना वाचला, नावावर बोट ठेवलं. आणि त्या बोटाखाली तिला बद्द आवाज ऐकू आला. झालं. तिथंच संपलं. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. कल्हईवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तो आवाज सहन होत नाही, एवढंच. ती उठली, मागची धूळ झटकली आणि भुकेनं घरी गेली.

सोमवारी ती सातला प्रयोगशाळेत होती. पट्टी नखानं उचकटली. वाटलं तितकी चिकटलेली नव्हती. कडा केव्हाच सुटलेल्या, नुसती मान राखून बसलेली. बटण विसावर आणलं. आधी बाटलीतला शुद्ध हेलियम सोडला. चारच्या खान्यातली रेष मेलेल्या माणसासारखी आडवी. सत्तरवर नेलं, रेष ताडकन उभी. परत विसावर, आडवी. मग जड हायड्रोजन सोडला. विसावर उंची कमी, पण उभी, स्वच्छ. तिच्या तोंडून “बोल” असा शब्द निघून गेला आणि ती दचकून मागं बघू लागली. कुणी नव्हतं. मग तिनं राखून ठेवलेले दोन जोड-तुकडे घेतले, टंगस्टनच्या त्याच पत्र्यातून कापलेले, त्याच दिवशी मार दिलेले. एक नुसता मार खाल्लेला, एक मार खाऊन वर हेलियम प्यायलेला, आणि दोन्हींत सारखाच जड हायड्रोजन मुरवलेला. ओळीनं तापवले. अकरा वाजले तेव्हा कागदावर दोन रेषा होत्या. हेलियमवाल्याची रेष खाली होती. जवळजवळ निम्म्यानं खाली. पाचशेच्या त्या उंचवट्यात अर्ध्याहून जास्त शेळ्याच होत्या.

देवस्थळी आले ते पेपरची अंतिम प्रत हातात घेऊन. आधी त्यांना पट्टी नसलेलं बटण दिसलं. “याला हात कुणी लावला?”

“मी.”

“कुणाला विचारून?”

“कुणाला विचारायचं होतं सर? तुम्ही चार म्हणजे चार म्हणालात. मग मी यंत्राला विचारलं.” आणि तिनं दोन कागद पुढं केले, बाटल्यांचा आधी, तुकड्यांचा नंतर. क्रम तिनं ठरवून ठेवला होता. आधी तराजू खरा आहे हे दाखवायचं, मग माल.

ते वाचत गेले. चष्मा काढला नाही. ही चांगली खूण होती की वाईट, तिला कळेना, आणि तिनं ठरवलं की आपल्याला त्याच्याशी काही घेणं नाही. पंप घरघरत होता. “विसावर संख्या इतकी बारीक होते की...” ते म्हणाले. “म्हणून आधी शुद्ध वायूवर मोजून घेतलं,” ती म्हणाली. “तुकडा बदलला नसेल ना?” “खुणा बघा. तुम्हीच कोरल्यात.” त्यांनी भिंगातून खुणा बघितल्या. मग स्वतः बटण सत्तरवर नेलं, विसावर आणलं, सत्तरवर, विसावर. हेलियमची रेष उठली, झोपली, उठली, झोपली. चौथ्या खेपेनंतर ते खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता. आठ वर्षांपूर्वी एकदा कुणीतरी बटण हलवून महिन्याभराचं काम वाया घालवलं होतं, म्हणून त्यानं पट्टी लावली होती. मग तो पट्टी विसरला आणि सत्तर हा निसर्गाचा नियम झाला. अशाच तर पट्ट्या असतात सगळीकडं.

“पेपर गेला मग,” देवस्थळी म्हणाले. प्रतीवरच्या नावांकडं बघून म्हणाले, “तुझंही नाव होतं त्यात.”

“म्हणूनच,” अंजुम म्हणाली.

 प्रत देवस्थळींनी खणात टाकली, खण लावला. सगळं नव्यानं मोजायला हवं, आधीचे चौदा तुकडेसुद्धा, वर्ष जाईल, असं काहीसं पुटपुटले. तिचा करार मार्चपर्यंत होता. वर्षभराचा हिशेब करणाऱ्याच्या हे लक्षात होतं की नव्हतं, तिनं विचारलं नाही. नोंदवहीत तारीख घातली, विसाचा आकडा घातला, खाली सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. छापून नव्हे, शाईनं.

पुढच्या शुक्रवारी ती दुकानात गेली तेव्हा अब्बा फडक्यानं काच पुसत होते. तिनं चौकट खिळ्यावरून उतरवली, मागचा पत्रा सरकवला आणि पर्समधून काढलेली पिवळी पट्टी काचेला आतून चिकटवली. जरा वाकडी बसली. अब्बांनी चौकट उजेडाला धरली. मराठी अक्षर ते लावून लावून वाचत.

“हात... लावू... नये,” ते म्हणाले. “हे काय? तुझं नाव कुठंय?”

“कागद फुटका निघाला अब्बा. बद्द वाजला.”

“कुणी वाजवला?”

“मीच.”

 फळीवरून अस्लम विचारत होता, आला का, आला का कागद? अब्बांनी त्याला हातानंच थांबवलं.

“हात लावू नये लिहिलंय,” ते म्हणाले. “तरी लावलास?”

“लावला.”

अतहर मणियारांनी चौकट कानाजवळ नेली आणि बोटाचं पेर पितळी पट्टीवर टेकवलं, हळू, अगदी हळू. ऐकलं. मग ती परत खिळ्याला लावली, वाकडी नाही ना हे दोन पावलं मागं जाऊन बघितलं, आणि अस्लमला म्हणाले, “आला. ये, वाच.”